वाफेचं पॅकिंग

माझ्या आईला गाडी लागते असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवणारा मी. सत्तरी ओलांडलेली बाई, मधल्या सीटवर बसते, तासाभरात तिचं तोंड पांढरं पडतं आणि पाटण यायच्या आत पिशवी मागते. अशा बाईला गाडी लागते, यात विचार करण्यासारखं काय होतं? घरात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. आईला मात्र ते कधीच पटलं नाही. ती एवढंच म्हणायची, "एसटीत मला कवा लागली न्हाई. तुज्याच गाडीत लागती."

या वाक्याचा मला राग यायचा. गाडी चालवायची मी, डिझेल टाकायचं मी, रजा मागताना साहेबाचं तोंड बघायचं मी, आणि वर हे ऐकून घ्यायचं.

खरं तर गाडी माझी नव्हती. धाकटा भाऊ फौजेत आहे, त्यानं ती सेकंड हँड घेतली. उंच, सात माणसं बसणारी, डिझेलवरची. त्याची बदली लांब झाली तेव्हा त्यानं ती इस्लामपूरला आमच्या दारात लावली आणि चावी माझ्या हातात दिली. "दादा, आईला मावशीकडं न्हेत जा तेवढं," म्हणाला. बाकी कशाला वापर, वापरू नको, काही बोलला नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. यजमान धरणावर कामाला होते, तेव्हापासून ती कोयनानगरला राहते. दोघीच बहिणी, पाठीला भाऊ नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आई तिच्याकडे जायची, ती वर्षानुवर्षं एसटीनं. कराडला गाडी बदलायची आणि पुढं घाटानं वर. मग गुडघे गेले. एसटीची पायरी चढताना कंडक्टरला हात द्यावा लागायला लागला, तेव्हा मी एसटी बंद केली. तिला आता बहिणीकडे जायचं तर आमची गाडी, दुसरा मार्ग नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून मी कसा वागलो, तेच इथं लिहायचं आहे.

मी साखर कारखान्यात फिटर आहे. अठ्ठावीस हंगाम बॉयलरवर काढलेत. माझं काम थोडक्यात सांगायचं तर जिथं दोन पाइप एकमेकांना भेटतात तिथून काही बाहेर येऊ द्यायचं नाही. वाफ नाही, रस नाही, पाणी नाही. दोन पाइपांच्या तोंडांमध्ये जी चकती बसवतात तिला आम्ही पॅकिंग म्हणतो. भाऊ तिला गॅस्केट म्हणतो, तो फौजेत गाड्यांवर असतो. आमच्याकडे मात्र सगळं पॅकिंगच. नळाचं पॅकिंग, पंपाचं पॅकिंग, कुकरच्या रबरालासुद्धा माझी बायको पॅकिंगच म्हणते. एकच शब्द सगळ्याला चालतो म्हणून एकच वस्तू सगळ्याला चालेल असं माणसाला वाटायला लागतं. माझं तसंच झालं.

गेल्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि त्याच सुमाराला गाडीतून टक टक असा आवाज यायला लागला. सकाळी गार गाडी सुरू केली की जोरात, आणि दोन-तीन किलोमीटर गेलं की बंद. पेठ नाक्याजवळ आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे. ते खाली वाकून बघून म्हणाले, सायलेन्सरच्या पाइपला मधे जो जोड आहे तिथलं पॅकिंग गेलंय, तिथून धूर मारतोय. गाडी गरम झाली की लोखंड फुगतं आणि फट दबते म्हणून आवाज थांबतो. पॅकिंग सांगलीहून मागवावं लागेल, गाडी चार दिवस ठेवा.

आईचं मावशीकडे जायचं रविवारी ठरलेलं. मी म्हणालो, चार दिवस कशाला? पॅकिंगच ना?

कारखान्यात वाफेच्या लाइनला जो काळसर जाड शीट वापरतात, त्याचा एक उरलेला तुकडा मी घरी आणला. गाडीखाली शिरून जोड खोलला. शीट पाइपच्या तोंडावर धरला आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलकं ठोकत गेलो. असं ठोकलं की लोखंडाची धारच शीट कापते. भोकंसुद्धा तशीच पडतात, मोजावं लागत नाही. बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही, पण ते हाताला बसायला वर्षं जातात. आई उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुज्या हातात हाय बाबा कला." मला बरं वाटलं. पन्नाशी उलटल्यावर आईनं शाबासकी दिली तरी बरं वाटतंच. पॅकिंगला ग्रेफाइट चोळलं, बोल्ट आवळले आणि गाडी सुरू केली. आवाज गेला होता. मिस्त्रीला मुद्दाम नाक्यावर जाऊन ऐकवून आलो.

त्या रविवारी आई आनंदात गेली आणि आनंदात आली.

पुढच्या खेपेपासून तिला गाडी लागायला लागली. आधी नुसतं डोकं धरलं. त्याच्या पुढच्या वेळी उलटी झाली. बायकोनं लिंबू दिलं, वेलदोडा दिला, आल्याची वडी दिली. मेडिकलमधून गोळी आणली, ती निघायच्या आधी अर्धा तास घ्यायची. काही उपयोग झाला नाही. मला वाटलं, वय झालं. रस्त्याला वळणं आहेत. मावशी अलीकडे थकलीय, विसरायला लागलीय, ते मनावर घेते. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. ज्या महिन्यात मी पॅकिंग घातलं त्याच्या पुढच्याच महिन्यात हे सुरू झालं, ही गोष्ट एकदाही माझ्या डोक्यात आली नाही.

बायको एकदा म्हणाली होती, "आवं, काय तरी वाजतंय खाली. सकाळी लय वाजतंय." मी म्हणालो, डिझेल गाडी हाय, वाजणारच. आधीची टकटक मोठी होती म्हणून कळली; आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. बॉयलरशेजारी इतकी वर्षं काढल्यावर बारीक आवाज कानाला कळत नाही, आमच्यातल्या कुणालाच कळत नाही. तिला ऐकू येतंय आणि मला येत नाही म्हणजे आवाजच नाही, असा माझा हिशेब.

फेब्रुवारीत एका दिवशी आम्ही निघालो. हंगाम भरात होता. आदल्या आठवड्यात दोनदा ब्रेकडाउन झालेलं, झोप अशी नव्हतीच. मी रजा कशी मिळवली होती ते माझं मला माहीत. पाटणच्या पुढं घाट सुरू झाला आणि आईनं पिशवी मागितली. दोनदा झालं. मग ती सीटवर आडवी झाली आणि म्हणाली, "माघारी फिर. माज्यानं हुत न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. समोर कोयनानगर वीसेक किलोमीटरवर. मी मागं वळून म्हणालो, "तुला मावशीकडं जायाचंच न्हाई. बहिणीचं हाल बघवत न्हाईत म्हण की सरळ. गाडीचं निमित्त कशाला?"

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि काचेतून बाहेर बघत बसली. कानाला वारं सोसत नाही म्हणून ती काच कायम बंद ठेवायची आणि डोक्याला मफलर बांधायची. मफलरमधलं तिचं तोंड मला आरशात दिसत होतं. बायको पुढं माझ्या शेजारी होती, तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी समोर बघून गिअर टाकला. गाडी वळवली आणि घरी आलो.

त्यानंतर आईनं मावशीकडे जायचं नाव काढलं नाही. मार्चमध्ये मावशी न्हाणीत घसरून पडली. फोन आला. मावशी पलीकडून विचारायची, "कवा येतीस?" आणि आई म्हणायची, "येते की. ऊन जरा कमी हुंदे, येते." दोन मिनिटांनी मावशी परत तेच विचारायची, आई परत तेच सांगायची. एप्रिलमध्ये मावशीच्या सुनेनं सांगितलं की आता त्यांना नावं आठवत नाहीत, येऊन जायचं असेल तर लवकर या. त्या संध्याकाळी आई भीत भीत मला म्हणाली, "मी एसटीनं जाऊन येऊ का?"

मी म्हणालो, कराडच्या स्टँडवर पडशील आणि मग मलाच यावं लागंल उचलायला. विषय संपला. दोन्ही वाटा मीच बंद केल्या आणि मला वाटत होतं की मी तिची काळजी घेतोय.

मे महिन्यात भाऊ सुट्टीवर आला. त्याचं साताऱ्याला सरकारी ऑफिसात कागदाचं काम होतं. हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीची कामं निघतात, मी तिसरी पाळी करून सकाळी घरी आलो होतो. तो म्हणाला, चल दादा, सोबत चल, मागं झोप काढ. मी मधल्या सीटवर आडवा झालो. धूळ नको म्हणून काचा वर केल्या आणि डोक्यावरून टॉवेल घेतला. भाऊ पुढं खिडकी उघडी टाकून, कोपर बाहेर काढून चालवत होता. मीही तसाच चालवतो.

साताऱ्याच्या अलीकडे जाग आली ती डोकं फुटतंय म्हणून. घशात कडवट चव. गाडी फिरतेय की मी फिरतोय कळेना. भावाच्या खांद्याला हात लावला, त्यानं गाडी थांबवली आणि मी दार उघडून रस्त्याच्या कडेला बसलो. सकाळचा चहा सगळा बाहेर आला.

भाऊ हसायला लागला. "काय रं दादा, तुला बी गाडी लागाय लागली? आईवर गेलास की."

मी वर बघितलं. ज्या सीटवरून मी उठलो होतो ती आईची जागा होती. नेमकी तीच. 

मी तिथंच हायवेच्या कडेला पालथा पडलो आणि गाडीखाली डोकं घातलं. मधल्या जोडाभोवती काळी काजळी धरली होती, बोटाला लागेल एवढी. मग दार उघडून मधल्या सीटखालची मॅट उचलली. पत्र्याला एक गोल भोक होतं आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. तिथं रबराचं बूच असतं. डिसेंबरात मी गाडीतून लागणीसाठी उसाचं बेणं शेतावर नेलं होतं. नंतर आत पाइपनं पाणी मारून चिखल धुतला, पाणी खाली जावं म्हणून ते बूच मीच काढलं. परत लावायचं राहिलं. भोक जोडाच्या बरोबर वर होतं. जोडातून सुटलेला धूर त्यातून वर येत होता आणि बंद काचांच्या आत, मफलर बांधून माझी आई बसत होती.

भावाला मी काही सांगितलं नाही. जोड नाक्यावर दाखवतो एवढंच म्हणालो आणि पुढं त्याच्या शेजारी, काच खाली करून बसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी नाक्यावर नेली. गाडी वर उचलून मिस्त्रींनी जोडाला पाना लावला. बोल्ट गंजून एक झाले होते. तेल सोडून वाट बघितली, मग गॅसच्या ज्योतीनं शेकले. तीनातले दोन सुटले, तिसरा मानेतून तुटला. तो ड्रिल मारून काढण्यात दुपार गेली. पाइप बाजूला झाला तेव्हा मधून चुरा गळला. माझं पॅकिंग. एका बाजूला निम्मं जळून गेलेलं, उरलेलं बिस्किटागत फुटत होतं.

मिस्त्रींनी तो चुरा हातावर घेतला. "हे कुणी घातलं हुतं?"

वेळ मारून नेता आली असती. त्यांनाही माहीत होतं, मीच गाडी ऐकवायला आणली होती. तरी त्यांनी मुद्दाम विचारलं, आणि विचारून दुसरीकडे बघितलं. मी म्हणालो, "मीच. कारखान्याचा शीट हाय."

"वाफेचा?"

"व्हय."

"वाफेचं पॅकिंग धुराला चालत न्हाई गड्या," ते म्हणाले. "वाफंपेक्षा हे लय गरम. महिनाभर धरतं, मग जळतं. तुला कळाय पायजे हुतं."

मला कळायला पाहिजे होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढं खरं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

नवं पॅकिंग सांगलीहून आलं ते तिसऱ्या दिवशी. पातळ पत्र्याच्या घड्या, मधे तारेचं कडं. हातात घेतलं तर काहीच वजन नाही. मिस्त्रींना म्हणालो, बसवतो मी. त्यांनी अडवलं नाही. दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशनं घासली, जुन्या पॅकिंगचा कण राहू दिला नाही. वर पोलादी पट्टी ठेवून बघितलं, तोंड कुठं वाकलंय का. नवे बोल्ट घातले. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर एका बाजूनं फट राहते, म्हणून तिन्ही पाळीपाळीनं, थोडे थोडे. हे मी रोज करतो, झोपेतही करीन. त्या दिवशी मात्र प्रत्येक फेरीनंतर पाना खाली ठेवून जोड परत बघत होतो.

गार गाडी सुरू केली. मिस्त्रींनी मागच्या पाइपावर क्षणभर फडकं दाबलं. कुठं फट असेल तर धूर तिथून जोरात निघतो. "आता ऐक," म्हणाले. मी म्हणालो, मला ऐकू येत न्हाई, तुमीच ऐका. त्यांनी कान लावला, जोडाभोवती हात फिरवला आणि मान हलवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आणून बोल्ट तपासायला सांगितलं. भोकाला नवं बूच मी स्वतः बसवलं आणि वर अंगठ्यानं तीनदा दाबलं.

घरी आईला सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. तुला गाडी लागत नव्हती, गाडीतच खोट होती, धूर आत येत होता, पॅकिंग मी घातलेलं आणि बूचही मीच काढलेलं. फेब्रुवारीत घाटात जे बोललो ते बोलायला नको होतं.

आई तांदूळ निवडत होती. तिनं ताटातला खडा बाजूला टाकला.

"मी सांगत हुते," म्हणाली. मग पुढचा खडा शोधत, "आता नीट झाली न्हवं? मग उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी गाडीत ती खूप बोलली. कराडला वळलो तिथं तिनं भूक लागली म्हणून मावशीसाठी घेतलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतला एक खाल्ला. पाटणला चहा मागितला. घाटात वळणावळणाला सांगत होती, इथं आमची एसटी बंद पडली होती, इथं आम्ही दोघी उतरून चालत गेलो होतो. पिशवी तिच्या मांडीवर घडी करून तशीच होती. मी आरशात सारखा बघत होतो. एकदा तिनं डोळे मिटले तर मी हाक मारली. "जागी हाय की," म्हणाली. मी काच जरा खाली घे म्हणालो, तिनं घेतली नाही.

मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पलंगाच्या वर भिंत रिकामी. भूकंपाचे हादरे बसतात म्हणून कोयनेत कुणी डोक्यावर फळी ठेवत नाही. आई काठी टेकत गेली आणि तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. मावशीनं तिच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर, मग मफलरवर, मग परत चेहऱ्यावर.

"कुटनं आलीस गं बाई?"

"इस्लामपूरनं," आई म्हणाली.

मावशीचा चेहरा उजळला. "तिकडं माजी धाकली भन असती. येत न्हाई आता. तिच्या ल्योकाची गाडी तिला लागती." मग जरा पुढं सरकून, माझ्याकडे बघून, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, तरी माझ्याही कानाला कळेल अशा आवाजात आईला म्हणाली, "भेटली तर सांग तिला. म्हनावं एसटीनं ये. एसटीत तुला कवा लागत न्हाई."

आईनं तिचा हात सोडला नाही.

"सांगते तिला," म्हणाली.

मी लाडवाचा डबा घेऊन दारात उभा होतो. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.